सर्टिफिकेटची मुदत पाहणारं टूल डेबियनसाठी पॅकेज करतोय: टायमर आपोआप चालू ठेवावा का?

खिडकीपाशी

मंडळी, एक छोटं टूल आहे. गो भाषेतलं, एकच बायनरी. साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटच्या सर्व्हरवरच्या फायली वाचतं, दिलेल्या होस्टना जोडून तिथलं सर्टही बघतं आणि मुदत संपत आली की बोंब मारतं. आत्तापर्यंत लोक बायनरी उचलून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये टाकतात आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ लिहून मोकळे होतात. आता त्याचं रीतसर डेब पॅकेज करायला घेतलंय. जमलं तर पुढे फेडोरा घराण्यासाठी आरपीएमही.

आत्ताच का, तर सर्ट देणाऱ्या संस्था (सीए) आणि ब्राउझरवाले यांच्या सीए-ब्राउझर फोरमने ठरवलेलं वेळापत्रक. सार्वजनिक सर्टची कमाल मुदत आधी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. त्यात फुकट सर्ट देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टने मुदतीची आठवण करून देणाऱ्या ईमेल ४ जून २०२५ पासून बंद केल्या. आपली आठवण आपणच ठेवायची.

अडलंय तीन ठिकाणी. सर्व्हिस कोणत्या यूजरखाली चालवू? पॅकेज टाकल्या टाकल्या रोजची तपासणी चालवणारा टायमर चालू व्हावा की ते अॅडमिनवर सोडावं? आणि कॉन्फिग कसा ठेवावा की अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी (डेबियनचा पॅकेज टाकणारा प्रोग्राम) लोकांना छळणार नाही?

एकओळी

ओपनएसएसएलला चेकएंड नावाचा पर्याय आहे. सेकंद द्या, एवढ्या वेळात मुदत संपणार असेल तर शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड मिळतो. क्रॉनमध्ये एक ओळ. पॅकेज कशाला?

रात्रपाळी

@एकओळी, एक मशीन असेल तर तुमचंच बरोबर. मशीन वाढली की कुठल्या मशीनवर कुठली ओळ आहे, कोणी हात लावला, ३० दिवस लिहिलेत की ३, हे कोणालाच ठाऊक नसतं. पॅकेज असेल तर आवृत्ती विचारता येते आणि अपग्रेड एका जागेवरून होतं. क्रॉनची मेल रूटच्या मेलबॉक्सात जाते. तो मेलबॉक्स शेवटचा कधी उघडलात?

दुसरं म्हणजे तुमची ओळ फाइल बघते. सर्व्हर काय दाखवतोय ते बघत नाही. आमच्याकडे झालेला प्रकार सांगतो. लेट्स एनक्रिप्टकडून सर्ट आणणाऱ्या सर्टबॉटने वेळेवर नवं आणलं, फाइल ताजी. पण एन्जिनएक्स या वेबसर्व्हरला रीलोड करणारा हुक (छोटी स्क्रिप्ट) मशीन हलवताना मागेच राहिला होता. प्रोसेस जुनंच सर्ट मेमरीत धरून बसलेली. फाइल बघणारी स्क्रिप्ट रोज 'ठीक आहे' म्हणत होती आणि रविवारी पहाटे ब्राउझर लाल. सर्व्हरला जोडून, मिळालेल्या सर्टचा सीरियल नंबर फाइलमधल्या नंबराशी ताडून पाहिला असता तर रीलोड राहिलाय हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

@खिडकीपाशी, तुमचं टूल दोन्हीकडे बघतं म्हणताय, पण तुलना करतं का?

खिडकीपाशी

नाही करत. दोन्ही वेगवेगळं छापतं. तुलनेचं लिहून ठेवलं, ही मोलाची भर आहे.

दुर्वांकुर

यूजरच्या प्रश्नावर. सर्टिफिकेट ही सार्वजनिक चीज आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सर्व्हर ते स्वतःहून दाखवतो. गुपित असते ती प्रायव्हेट की, आणि मुदत पाहणाऱ्या टूलचं तिच्याशी काही काम नाही. त्यामुळे रूट नकोच. वेगळा सिस्टिम यूजर करा, यूजर बनवायला सांगणारी सिसयूजर्सची छोटी फाइल पॅकेजमध्ये द्या.

मेख अशी की सर्टबॉट त्याच्या लाइव्ह आणि आर्काइव्ह या दोन्ही डिरेक्टरी ०७०० परवानगीने बनवतो. म्हणजे रूट सोडून कोणी आत डोकावूच शकत नाही. हा जुन्या काळचा वारसा आहे. सर्टबॉटच्या कागदपत्रांतच लिहिलंय की जुन्या आवृत्तीवर परत जाणार नसाल तर या दोन डिरेक्टरी ०७५५ (सगळ्यांना आत बघता येईल अशा) करायला हरकत नाही, कारण की-फाइलची स्वतःची परवानगी आता ०६०० (फक्त मालकाला) असते.

पण हे काम पॅकेजच्या पोस्टइन्स्टमधून (पॅकेज टाकल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) करू नका. दुसऱ्या पॅकेजच्या डिरेक्टरीच्या परवानग्या परस्पर बदलणं हा उद्धटपणा झाला. रीडमीमध्ये लिहा, अॅडमिन ठरवेल. ज्याला तेही नको त्याने रिन्यूअल-हुक्समधल्या डिप्लॉय डिरेक्टरीत छोटी स्क्रिप्ट टाकावी. सर्टबॉट तिला 'रिन्यूड_लिनीएज' या व्हेरिएबलमधून नव्या सर्टची जागा सांगतो. तिथून फक्त फुलचेन फाइल (सर्ट आणि त्याची साखळी) उचलून टूलच्या डिरेक्टरीत ठेवायची.

जुनाखांब

दुर्वाताई, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीला सांगा की हिला कॅप_डीएसी_रीड_सर्च ही एक कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकाराचा तुकडा) दे. यूजर वेगळा राहतो, फायली वाचता येतात, खेळ खल्लास.

दुर्वांकुर

जुनाखांबदादा, त्या कॅपॅबिलिटीने मशीनवरची कुठलीही फाइल वाचता येते. पासवर्डची शॅडो फाइलही आणि प्रायव्हेट कीही. नाव वेगळं, चावी तीच. वर हे टूल अनोळखी होस्टना जोडून त्यांनी पाठवलेलं एएसएन१ (सर्टचा मजकूर ज्या स्वरूपात असतो ते) उलगडत बसणार. त्याच प्रोसेसच्या हाती अख्ख्या मशीनचं वाचन द्यायचं?

जुनाखांब

गो आहे, सी नाही. पार्सरमध्ये बफर फुटायचा नाही एवढा. पण मुद्दा पोचला. फायली वाचणारा भाग आणि नेटवर्कवर जाणारा भाग अशा दोन सर्व्हिस केल्या तर? पहिलीला प्रायव्हेट नेटवर्क लावून बाहेरचा रस्ताच बंद. दुसरीला फायलींचा वास नको.

दुर्वांकुर

हे मात्र आवडलं.

सेमीकोलन

डायनॅमिकयूजर वापरा की! यूजर बनवायची कटकटच नाही, सिस्टिमडी चालवताना बनवतो, काम झालं की पुसतो.

दुर्वांकुर

स्टेट डिरेक्टरीपुरतं चालेल. पण अॅडमिनला एसीएल (नावानिशी दिलेली परवानगी) लावून एखादी डिरेक्टरी वाचू द्यायची असेल तर ती कोणाच्या नावाने लावणार? सर्व्हिस चालू नसताना तो यूजर अस्तित्वातच नसतो. इथे कायमचा यूजरच बरा.

फिरस्ता_पॅकेजर

टायमरचं कोणी बोलतच नाहीये, मी बोलतो.

डेबियनची रीत अशी की सर्व्हिस टाकली की ती चालू होते. पॅकेज बांधायच्या डेबहेल्परचा सिस्टिमडीवाला भाग काही न सांगता एनेबलही करतो आणि स्टार्टही. नको असेल तर तसं रूल्स फाइलीत सांगावं लागतं. फेडोराच्या घराण्यात उलटं आहे. तिथे प्रीसेट (काय चालू राहावं याची यादी) ठरवतो, आणि प्रीसेटमध्ये नाव नसेल तर सर्व्हिस बंदच राहते. म्हणजे आरपीएम केलंत की हाच प्रश्न उलट्या बाजूने येणार.

माझं मत: डेबियनवर चालू ठेवा. नजर ठेवणारं टूल टाकून ते चालू करायला विसरणं हा सगळ्यात वाईट प्रकार. माणूस समजतो पहारा आहे, आणि पहारेकरी नेमणूकपत्र खिशात घालून घरी झोपलाय.

टायमर मात्र नीट लिहा. ऑनकॅलेंडर रोजचा, पर्सिस्टंट चालू, म्हणजे मशीन बंद असताना चुकलेली फेरी उठल्यावर होईल. आणि रँडमाइज्ड-डिले भरपूर द्या, नाहीतर मध्यरात्रीच्या ठोक्याला झाडून सगळी मशीन एकाच होस्टला जाऊन भिडतील. सर्टबॉटच्या डेबियन पॅकेजचा टायमर बघा. दिवसातून दोनदा, आणि उशीर ४३२०० सेकंदांपर्यंत, म्हणजे बारा तासांत कधीही.

एकओळी

आणि कॉन्फिग रिकामा असेल तर? टायमर रोज चालणार, काहीच तपासणार नाही, शून्य परत देणार. हिरवंगार.

फिरस्ता_पॅकेजर

एका ओळीत नेमकं पकडलंत. म्हणून काहीच तपासायला नसेल तर 'ठीक' म्हणायचं नाही. सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नागिओसच्या परंपरेत एक्झिट कोड ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ माहीत नाही. रिकामा कॉन्फिग म्हणजे ३. सर्व्हिस फेल दिसेल, सिस्टिमसीटीएलच्या फेल्ड यादीत नाव येईल, अॅडमिन वैतागेल आणि दोन ओळी भरेल.

रात्रपाळी

वैतागेल आणि पॅकेज काढून टाकेल, असंही होतं हो. नवी मशीन उभी करतानाच फेल्ड यादी लाल दिसली की ऑटोमेशनवाले लोक पेटतात. मशीन आपोआप उभी करणाऱ्या अँसिबलची फेरी तिथेच अडते.

फिरस्ता_पॅकेजर

टायमर लगेच चालू होतो, सर्व्हिस पहिल्या फेरीला धावते, आणि ती फेरी काही तासांनी येते. तोवर अँसिबलने कॉन्फिग ठेवलेला असतो. ज्याने ठेवला नाही त्याला लाल दिसलंच पाहिजे.

मीपणवाचतोय

वाचनखूण साठवली. माझ्याकडे एकच सर्व्हर आहे आणि त्याच्या सर्टची मुदत कधी संपते हे आत्ता बघून आलो. धाग्याचे आभार.

रात्रपाळी

@मीपणवाचतोय, किती उरलेत?

मीपणवाचतोय

ते महत्त्वाचं नाही.

कॉन्फवाली

कॉन्फिगचा प्रश्न राहिला, आणि मला तोच सगळ्यात नाजूक वाटतो.

/ईटीसी मधली फाइल डीपीकेजीच्या लेखी कॉन्फफाइल असते. अॅडमिनने हात लावला नसेल तर नवी आवृत्ती गुपचूप जागा घेते. लावला असेल, आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदललेली असेल, तर जुनी ठेवू की नवी घेऊ असा प्रश्न येतो. अपग्रेड आपोआप होणाऱ्या मशीनवर अॅडमिनने बहुधा आधीच सांगून ठेवलेलं असतं: जुनी ठेव.

आता तुमचा उंबरठा बघा. बहुतेक टूलमध्ये '३० दिवस उरले की इशारा' असतं. ९० दिवसांच्या सर्टला ते शोभतं, एक तृतीयांश आयुष्य उरलेलं असतं. ४७ दिवसांच्या सर्टला तोच आकडा लावला तर १७व्या दिवसापासून बोंब सुरू. लेट्स एनक्रिप्टची अल्पायुषी सर्टं तर १६० तासांची असतात. ती जन्मल्यापासून इशाऱ्यातच राहतील. उद्या तुम्ही शहाणे होऊन आकडा बदललात तरी ज्याने केवळ एक होस्ट वाढवायला ती फाइल उघडली होती, त्याच्याकडे ३० जसाचा तसा.

म्हणून मूळ मूल्यं बायनरीत ठेवा. /ईटीसी मध्ये सगळ्या ओळी कॉमेंट केलेली नमुना फाइल आणि शेजारी रिकामी .डी डिरेक्टरी. होस्टची यादी लोक तिथे स्वतःच्या फायलीत ठेवतील, डीपीकेजी त्यांना कधीच विचारणार नाही. आणि उंबरठा दिवसांत नको, एकूण मुदतीच्या हिश्श्यात हवा. एक तृतीयांश उरलं आणि तरी नूतनीकरण झालं नाही, तर काहीतरी बिघडलंय.

हात लावलेली फाइल जुनीच ठेवण्याला आरपीएमकडे कॉन्फिग-नोरिप्लेस म्हणतात. नवी फाइल आरपीएमन्यू या शेपटीने शेजारी पडते आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

जुनाखांब

कॉन्फवालीताई, दंडवत. हिश्श्याचा मुद्दा आमच्या नागिओसवालीला लगेच पाठवतो.

एक दुरुस्ती सुचवतो. आतल्या सीएची दहा वर्षांची सर्टं असतात. त्यांचा एक तृतीयांश म्हणजे तीन वर्षांहून जास्त. एवढं आधी ओरडून काय करायचं? वर एक मर्यादा घाला, हिश्शाचे दिवस किंवा ३०, यांतलं जे कमी ते.

कॉन्फवाली

मान्य. ९० च्या सर्टला ३०, ४७ च्या सर्टला साधारण १६, १६० तासांच्या सर्टला दोन दिवसांहून थोडे जास्त. दहा वर्षांच्यालाही ३०च. पण मग रोजची फेरीही अपुरी आहे. अल्पायुषी सर्टसाठी दिवसातून दोनदा तरी धावायला हवं.

सेमीकोलन

थोडं विषयांतर, पण पॅकेजशी जोडलेलं. @खिडकीपाशी, तुमच्या टेस्टडेटा डिरेक्टरीत सर्टिफिकेटं असतीलच. त्यांची मुदत कधीपर्यंत आहे?

खिडकीपाशी

थांबा, बघतो.

खिडकीपाशी

पुढच्या वर्षीपर्यंत.

सेमीकोलन

हाहाहा! सर्टची मुदत पाहणारं पॅकेज स्वतःच्याच सर्टची मुदत संपून बिल्डमध्ये आपटणार! डेबियनमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे. घड्याळ पुढे सरकवून बिल्ड होतं का हे मुद्दाम तपासलं जातं आणि न होणाऱ्या पॅकेजांवर बग पडतात. स्थिर आवृत्तीला सुरक्षा दुरुस्ती द्यायची वेळ आली आणि बिल्डच होईना, तर काय करणार?

रात्रपाळी

खोटी वेळ दाखवणाऱ्या फेकटाइमखाली चाचण्या चालवा, झालं.

सेमीकोलन

तिथेच गंमत आहे. फेकटाइम एलडी_प्रीलोडवर चालतो, सी लायब्ररीची वेळ सांगणारी फंक्शनं अडवतो. गोची बायनरी वेळ विचारायला सी लायब्ररीकडे जातच नाही. तुम्ही घड्याळ कितीही मागे फिरवा, ती खरी वेळ घेऊन येते.

त्यापेक्षा कोडमध्येच 'आत्ता' ही बाहेरून द्यायची गोष्ट करा. गोच्या एक्स५०९ पॅकेजात सर्ट पडताळताना करंटटाइम नावाचं फील्ड देता येतं. चाचणीत तिथे ठरावीक तारीख घालायची. किंवा चाचणीच्या सुरुवातीलाच सर्ट ताजं बनवायचं, दोन-पाच मिलिसेकंदांचं काम. आणखी एक, बिल्डच्या वेळी नेटवर्क नसतं. बाहेरच्या होस्टला जोडणारी चाचणी असेल तर लोकल सर्व्हर उभा करून घ्या.

फिरस्ता_पॅकेजर

नेटवर्क नसतं यावरून: गोची डिपेंडन्सी बिल्डच्या वेळी डाउनलोड करता येत नाही. डेबियनच्या अधिकृत भांडारात जायचं असेल तर प्रत्येक लायब्ररी आधीच तिथे पॅकेज म्हणून असायला हवी. डीएच-मेक-गोलँगमध्ये एस्टिमेट नावाची उपआज्ञा आहे, ती किती लायब्ररी कमी पडताहेत ते सांगते. आधी ती चालवा, मग उत्साह किती उरतो ते बघा :)

स्वतःच्या भांडारातूनच द्यायचं असेल तर लायब्ररींच्या प्रती सोबत, व्हेंडर डिरेक्टरीत, ठेवून चालेल. पण मग गोच्या क्रिप्टो भागात सुरक्षा दुरुस्ती आली की पुन्हा बिल्ड करून देणं तुमच्यावर. स्टॅटिक बायनरी आहे, मशीनवरची लायब्ररी अपग्रेड करून तिला काही फरक पडत नाही.

एकओळी

स्वतःचं भांडार एचटीटीपीएसवर, आणि त्याचं सर्ट संपलं, तर मुदत पाहणाऱ्या टूलचं अपडेट कुठून येणार?

जुनाखांब

एकओळी आज फॉर्मात आहेत.

आणि भांडारावर सही करणाऱ्या जीपीजी कीलाही मुदत असते! ती संपली की अॅप्ट एक्सपीकीसिग (सहीची की संपलीय) म्हणून हात वर करतो. नवी की पोचवण्यासाठी कीरिंगचं वेगळं छोटं पॅकेज करा आणि मुदत संपायच्या बरंच आधी सोडा. संपल्यावर तेही पोचणार नाही.

मुक्कामपोस्ट

उशिरा आलोय, सगळं वाचलं. एका गोष्टीवर कोणी बोट ठेवलं नाही: सर्ट ताजं असूनही तुटतं. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या, साखळीच्या टोकाच्या सर्टची मुदत संपली. लेट्स एनक्रिप्ट वापरणाऱ्यांची स्वतःची सर्टं ठणठणीत होती, पण ओपनएसएसएल १.०.२ वाले जुने क्लायंट साखळीतल्या त्या संपलेल्या रूटपाशी अडकून कनेक्शन नाकारू लागले. त्यामुळे पहिल्या सर्टची तारीख बघून थांबू नका, सर्व्हरने पाठवलेली आख्खी साखळी आणि ती ज्या रूटपाशी संपते तेही बघा.

आणि दूरची गोष्ट वाटत असेल तर डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्ट संपलं आणि ब्रिटनमधल्या ओ२ च्या ग्राहकांचा मोबाइल डेटा गेला. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स याच कारणाने बंद पडलं. माणसं नव्हती म्हणून नाही, यादीत ते सर्ट नव्हतं म्हणून असं होतं, हा माझा तर्क.

रात्रपाळी

यादीत नसलेल्याचं म्हणाल तर सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीचे लॉग बघणारं टूल वेगळं लागतं. तुमच्या डोमेनसाठी कोणी कुठे सर्ट काढलं हे तिथे कळतं. २०११ च्या डिजिनोटार प्रकरणात गूगलच्या नावाचं बनावट सर्ट निघालं होतं, असल्या फसवणुकीवरचा हा उपाय. हे लॉग बघणारं सर्टस्पॉटर डेबियनमध्ये आधीच आहे. ते यात घुसवू नका, पॅकेजच्या सजेस्ट्समध्ये नाव टाका, पुरे.

कॉन्फवाली

+१. टूलला एकच काम असू द्या.

पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, हे मात्र राहिलं. मशीनचे आकडे गोळा करणारा प्रोमिथिअस असेल तर त्याला आकडे पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरच्या टेक्स्टफाइल डिरेक्टरीत निकाल लिहा आणि सोबत शेवटच्या फेरीची वेळही. फेरी दोन दिवसांत झाली नाही तर इशारा प्रोमिथिअस देईल. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, अर्धवट फाइल वाचली जायला नको. प्रोमिथिअस नसेल त्याच्यासाठी ऑनफेल्युअर युनिटची (सर्व्हिस फेल झाल्यावर चालणाऱ्या कामाची) जागा मोकळी सोडा. मेल पाठवायचा कोड टूलमध्ये लिहू नका, आणि मेल सर्व्हर डिपेंड्समध्ये तर मुळीच नको. सर्टसाठी पॅकेज टाकलं आणि पाठोपाठ एक्झिम हा मेल सर्व्हर आला, हे मी पाहिलंय.

खिडकीपाशी

खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. आजवर एवढं झालंय:

दोन सर्व्हिस, एक कायमचा यूजर. फायलीवाली नेटवर्कशिवाय, होस्टवाली सर्टच्या फायलींशिवाय. कुठलीच कॅपॅबिलिटी नाही, सर्टबॉटच्या परवानग्यांबद्दल रीडमीत उतारा. सीरियल नंबर फायलीवाली लिहून ठेवते आणि होस्टवाली ताडते. टायमर चालू, दिवसातून दोनदा. रिकामा कॉन्फिग म्हणजे ३. उंबरठा हिश्शाचा, वर ३० ची मर्यादा. टेस्टडेटातली सर्टं उडवली, आता चाचणी स्वतःच बनवते.

एका गोष्टीवर अजून मन घट्ट होत नाही. इशाऱ्याला एक्झिट १ दिला की सिस्टिमडी सर्व्हिस फेल धरतो. इशारा म्हणजे फेल का?

फिरस्ता_पॅकेजर

युनिटमध्ये सक्सेस-एक्झिट-स्टेटस १ लिहा. इशारा जर्नलमध्ये आणि प्रोमिथिअसमध्ये दिसेल, फेल्ड यादीत फक्त २ आणि ३. ज्याला कडक हवं तो ड्रॉप-इन (युनिटवर लावायची छोटी फाइल) टाकून ती ओळ रिकामी करेल.

रात्रपाळी

मी तो ड्रॉप-इन टाकणाऱ्यांतला. पण डिफॉल्ट म्हणून हेच ठीक.

खिडकीपाशी

केलं. आता पॅकेज तपासणारा लिंटियन एकच गोष्ट म्हणतोय: मॅन पेज नाही.

एकओळी

एक ओळ पुरेल.

जुनाखांब

नाही पुरणार. एक्झिट कोडचा तक्ता त्यात हवाच. हेल्प२मॅन चालवून सांगाडा काढा आणि उरलेलं हाताने लिहा. मसुदा इथेच टाका, मी वाचून देतो.